शांत समुद्र, मुक्काम पोस्ट नवापूर

नवापूरला समुद्र नाही आणि नवापूरकरांनी ही गोष्ट कधी मनाला लावून घेतलेली नाही. गावाला रंगावली आहे. 2018 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर पाण्याचं कौतुक करताना इथला माणूस जरा आवाज खाली घेतो. बाकी जे लागतं ते सगळं आहे. सुरत-भुसावळ रेल्वे आहे, धुळ्याहून सुरतेला जाणारा महामार्ग आहे, भौगोलिक मानांकन मिळालेली तूरडाळ आहे, आणि दोन राज्यांच्या हद्दीवर बसलेलं रेल्वे स्टेशन आहे. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. फलाटावर एक बाकडं आहे, त्याच्या मधोमध हद्द जाते. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला आधी त्या बाकड्यावर बसवायचं, फोटो काढायचा आणि मगच घरी चहाला न्यायचं, असा गावाचा शिरस्ता आहे. ज्या गावाला असं बाकडं आहे त्याला समुद्राची हौस असायचं कारण नाही.

तरी आमच्या भाच्याला समुद्राचे फोटो काढायचं वेड लागलं. लग्नाचे काढतो, बारशाचे काढतो, निवडणुकीच्या दिवसांत बॅनरसाठी हात जोडलेल्या पुढाऱ्यांचेही काढतो. त्यावर पोट भरतं. पण मन भरत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याला समुद्राचे असे फोटो काढायचे होते की बघणाऱ्याच्या जिवाला स्वस्थता यावी, आणि फोटो फोटो न वाटता रंगवलेलं चित्र वाटावं.

त्यातला पहिला मोठा फोटो त्यानं आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर पसरला तेव्हा साक्रीहून आत्या आली होती. वर राखाडी, खाली राखाडी, मधे एक संशयास्पद रेघ. आत्यानं चष्मा पुसला, फोटो लांब धरला, मग जवळ धरला.

“हाई काय शे?”

“समुद्र आहे, आजी.”

“मंग पाणी कोठे शे?”

“सगळं पाणीच आहे. वरचं तेवढं आभाळ.”

“आनि लाटा?”

“लाटा काढून टाकल्या.”

आत्यानं फोटो खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. पोराला वेळेवर उजवलं असतं तर ही पाळी आली नसती, असं ती नजर स्पष्ट सांगत होती. मी मामा असल्यामुळे त्यातला निम्मा दोष माझ्याकडे येत होता.

लाटा काढतात कशा, ते भाच्यानं मला नंतर समजावून सांगितलं. भिंगापुढे एक काळी काच लावायची. दहा स्टॉपची काच म्हणतात तिला. ती प्रकाश हजारपट कमी करते. साधा कॅमेरा पहाटेच्या उजेडात जे काम सेकंदाच्या तिसाव्या भागात उरकतो, त्याला या काचेमागून जवळजवळ अर्धा मिनिट लागतो. अर्ध्या मिनिटात चार-पाच लाटा येऊन जातात. येणारी पांढरी, जाणारी काळी, कॅमेरा बिचारा सगळ्यांची सरासरी काढून मोकळा होतो. ती सरासरी म्हणजे शांतता. त्या अर्ध्या मिनिटात समुद्र नेहमीसारखाच आदळआपट करत असतो. फक्त त्याचा हिशेब एकरकमी मांडलेला असतो. आमच्या सोसायटीचा वार्षिक ताळेबंद दरवर्षी सर्वसाधारण सभेत इतका शांत का दिसतो, ते मला त्या दिवशी कळलं.

काच लावल्यावर कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही. म्हणून चौकट आधी ठरवायची, फोकस आधी करायचा, रेघ सरळ आहे ना ते आधी पाहायचं, आणि मग डोळ्यांवर पट्टी बांधल्यागत काच चढवायची. त्यानंतर कॅमेऱ्याला बोट लावायचं नाही, तिवईला पाय लावायचा नाही, शक्य तर श्वासही बेतानं घ्यायचा. बटण दाबायलासुद्धा वेगळी वायर असते. एवढी स्तब्धता भाच्यानं आयुष्यात कधी शाळेत दाखवली नव्हती.

पण समुद्राजवळ जाण्याआधी या शांततेपायी घरात काय होतं, ते कुठल्या चित्रात येत नाही. चांगला उजेड सूर्य उगवायच्या आधी असतो. समुद्र सुरतेपलीकडे डुमसला. म्हणजे रात्रीच निघायला हवं. म्हणजे अपरात्री गजर. भाच्याची गाडी आमच्या दारावरून जायची म्हणून तो आमच्याकडे झोपायला यायचा, गजर त्याच्या उशाशी वाजायचा आणि जागे आम्ही व्हायचो. तिवई उचलताना तिचा एक पाय पत्र्याच्या डब्यावर आपटायचाच. मग शेजारच्यांचा कुत्रा. मग शेजारी. मामी तोवर उठून थर्मास भरत असायची आणि दशम्या बांधता बांधता विचारायची, “इथं भिंतीचा फोटो काढला तर नाही का चालणार? ती पण राखाडीच आहे.”

डुमसचा समुद्र पाहून कुणाच्या तोंडून ‘अहाहा’ निघत नाही. वाळू काळी आणि पाणी नवापूरच्या तुरीच्या पातळ वरणासारखं. याला कारण आहे. खंबातचं आखात हे एक मोठं नरसाळं आहे, त्यात नर्मदा, तापी, मही, साबरमती अशा चार-चार नद्या आपापला गाळ आणून ओततात. वरून भरती-ओहोटी. मुंबईला भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटर. आखातात आत भावनगरकडे तोच दहा मीटरच्या वर जातो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करत असेल तर तळाचा गाळ तळाशी बसणार कधी? शिवाय आमची रंगावली तापीला मिळते, तापी डुमसपाशी समुद्राला. बराच गाळ वाटेत उकाई धरणात अडतो हे खरं, पण समुद्राच्या गढूळपणात आपल्या गावाचा खारीचा वाटा आहे, ही भावना काठावर उभं राहिल्यावर होतेच. गोव्याच्या निळ्या समुद्राबद्दल ही आपुलकी वाटत नाही.

आणि गंमत अशी की भाच्याला हाच समुद्र हवा होता. निळा समुद्र, हिरवे माड, भगवा सूर्य असलं काही असलं की फोटोचं कॅलेंडर होतं, असं तो म्हणतो. इथं रंगच नाही, त्यामुळे रंग कमी करायचे कष्ट वाचतात. पाणी उथळ, किनारा सपाट. ओहोटी लागली की समुद्र इतका लांब जातो की तो परत येईल की नाही याची काळजी वाटावी. मागे उरते ती ओली काळी वाळू, तिच्यात आभाळ उतरतं आणि पाणी कुठे संपलं, जमीन कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. ज्या समुद्राला पर्यटक नाकं मुरडतात, तो चित्रकाराच्या दृष्टीनं तयार कॅनव्हास आहे. या बाबतीत मी भाच्याच्या बाजूचा आहे.

ओहोटीची वेळ काढणं हा एक वेगळा अध्याय. आमच्या ओळखीतले एक कोकणातले गृहस्थ इथं नोकरीला होते. त्यांनी सांगितलं, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भाच्यानं विश्वासानं हिशेब केला. पण ते गणित कोकणपट्टीचं. नरसाळ्यात वर चढायला भरतीला जास्त वेळ लागतो. भाचा ओहोटीचे आरसे टिपायला म्हणून गेला आणि भरती त्याच्या चपला घेऊन गेली. तेव्हापासून तो बंदराचं वेळापत्रक पाहतो. कोकणातले गृहस्थ मात्र अजून म्हणतात, गणित बरोबर आहे, समुद्र चुकला.

एकदा मीही त्याच्याबरोबर गेलो. तिवईचे पाय चिखलात रोवले. काच लावली. बटण दाबलं. आम्ही दोघं हाताची घडी घालून उभे. तिवई हळूहळू, अत्यंत सभ्यपणे, समुद्राच्या दिशेनं कलायला लागली. अर्ध्या मिनिटात किती कलली ते फोटोत दिसलं: क्षितिज एक नव्हतं, क्षितिजांची गड्डी होती. मग पायांखाली ठेवायला फरशीचे तुकडे आणले.

उजाडलं तशी माणसं आली. उंटवाला आला, घोडेवाला आला. भाच्याच्या चौकटीतून उंट आरामात इकडून तिकडे गेला. मी म्हटलं, गेला फोटो. तो म्हणाला, “चालत राहिला तर येत नाही मामा. थांबला तर येतो.” आणि खरंच, पडद्यावर पाहिलं तर उंट नाही, घोडा नाही, ओरडणारी पोरं नाहीत. निर्मनुष्य किनारा. फक्त एका कोपऱ्यात दोन धुरकट आकृत्या. डुमसच्या किनाऱ्यावर भुतं आहेत अशी सुरतेकडे बोलवा आहेच, त्यामुळे माझ्या अंगावर सरकन काटा आला. मान वर करून पाहिलं तर दोन इसम गाडीपाशी उभे राहून टोमॅटोची भजी खात होते. डुमसची ती भजी प्रसिद्ध आहेत आणि ती खाताना माणूस हलत नाही. म्हणून ते उरले.

हे सगळं फार जुनं आहे, हे मला मागाहून वाचून कळलं. 1838 साली दागेरनं पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो काढला. तेव्हा काळी काच नव्हती, प्लेटच इतकी मंद होती की मिनिटंच्या मिनिटं लागत. घोडागाड्या, माणसं सगळी चालत होती म्हणून सगळी पुसली गेली. उरला एक माणूस, जो बुटांना पॉलिश करून घेत थांबला होता. छायाचित्रात आलेल्या पहिल्या माणसांत त्याची गणना होते. पॅरिसला पॉलिश, डुमसला भजी.

तसंच आभाळाचं. भाचा एका समुद्राला दुसऱ्या दिवसाचं आभाळ लावतो हे जेव्हा घरात उघडकीला आलं तेव्हा मामीनं ते फार मनावर घेतलं. “म्हणजे लग्नातही तू एकाच्या अंगावर दुसऱ्याचं डोकं लावत असशील.” वास्तविक हा उद्योग फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यानं 1850 च्या दशकातच केला होता. तेव्हाच्या मसाल्यावर समुद्र नीट आला की आभाळ पांढरंफटक व्हायचं, म्हणून तो दोन निगेटिव्ह जोडायचा. आणि एखादं आभाळ आवडलं तर तेच दोन-तीन समुद्रांवर चालवायचा. लोक थक्क व्हायचे. मी हे मामीला सांगितलं. ती म्हणाली, फ्रान्समध्ये चालत असेल.

गावात या विषयावर अधिकारवाणीनं बोलणारा माणूस एकच, बाजारपेठेतले स्टुडिओवाले काका. त्यांच्या जुन्या स्टुडिओत भिंतभर एक रंगवलेला पडदा होता. निळा समुद्र, त्यावर चंद्र, बाजूला माड, पुढे संगमरवरी वाटणारा कठडा. नवापूरच्या एका अख्ख्या पिढीनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्या पडद्यावर, आणि तोही पाठमोरा, कारण तोंड कॅमेऱ्याकडे असायचं. माझ्या लग्नानंतरचा फोटो तिथलाच. मी खुर्चीवर, ही उभी, मागे भरतीचा समुद्र आणि दोघांच्या केसांत एक बट हललेली नाही. त्याहून शांत समुद्र मी आजवर पाहिलेला नाही.

भाच्यानं काकांना आपली नवी तऱ्हा दाखवली. यात काळी काचही नको. पाव सेकंद ते एक सेकंद एवढा वेळ द्यायचा आणि तेवढ्यात कॅमेरा क्षितिजाच्या रेषेत हातानं आडवा फिरवायचा. होड्या, माणसं, लाटा सगळ्यांचे आडवे पट्टे होतात, ब्रशनं ओढल्यासारखे. काकांनी ते पाहिलं. बराच वेळ बोलले नाहीत.

“मुद्दाम हलवलास?”

“हो काका.”

“चाळीस वर्षं मी पोरांना हात हलवू नका म्हणून मारलं रे,” काका म्हणाले. “हलला म्हणून एका मारवाड्याच्या मुंजीचे पैसे परत केले होते.”

“मारवाड्यांत मुंज नसते, काका.”

“म्हणूनच कटकट झाली.”

मग त्यांनी एक शेरा मारला, तो मला अजून पुरतो आहे. ते म्हणाले, आम्ही चित्रापुढे माणूस उभा करायचो, खरा समुद्र वाटावा म्हणून. हा खऱ्या समुद्रावर जातो, माणसं पुसतो, आणि समुद्राचा पडदा करून आणतो. मग भाच्याकडे वळून म्हणाले, मला न विचारता भाडं भरून सुरतेला गेलास, पडदा माळ्यावरच होता.

दर वेळी डुमसला जाणं परवडत नाही, तेव्हा भाचा उकाईच्या फुगवट्याकडे वळला. तापीवरचं उकाई धरण 1972 साली पुरं झालं. भिंत गुजरातेत, पण पाणी मागे सरकत सरकत नंदुरबार जिल्ह्यात शिरलं. त्या जलाशयाचं सरकारी नाव वल्लभ सागर. म्हणजे कागदोपत्री आमच्या तालुक्यालगत सागर आहे. पहाटे धुकं असलं की पलीकडचा काठ दिसत नाही आणि समुद्राची सगळी हौस भागते. पाण्यातून एखादा वाळका खुंट वर आलेला असला तर मग विचारूच नका. राखाडीत एक काळी रेघ, जपानी चित्रच.

तिथं भाचा तिवई लावून, काळी काच चढवून, तास दीड तास उभा. गावातला एक म्हातारा काठी टेकत आला. जवळ आला नाही, लांबच थांबला. तिवई पाहिली, तिच्यावरचं काळं यंत्र पाहिलं. आमच्या भागात तिवई लावून पाण्याकडे किंवा शेताकडे एक डोळा मिटून बघणारा माणूस कोण असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणात तिवया येऊन गेल्या, त्याआधी धरणात येऊन गेल्या. म्हाताऱ्यानं राम राम केला आणि विचारलं,

“साहेब, अजून किती वर येणार?”

भाच्यानं आधी भरतीचं विचारतोय असं समजून, इथं भरती नसते बाबा, असं सांगायला सुरुवात केली. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं तिवईवरून कॅमेरा काढून म्हाताऱ्याच्या हातात दिला, मागच्या पडद्यावर फोटो दाखवला. धुकं, पाणी, खुंट. म्हाताऱ्यानं तो नीट पाहिला. पाणी कसं गोठलंय, लाटा कुठे गेल्या, हे काहीही विचारलं नाही. खुंटावर बोट ठेवलं आणि तो आंबा कुणाच्या बांधावरचा होता, ते सांगितलं. गोड होता म्हणाला, पण रेषा फार. मग तलाठी नाही, मोजणीवाला नाही याची खात्री पटल्यावर चहाला घेऊन गेला. तो फोटो भाच्यानं विकायला ठेवलेला नाही. का नाही, ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही.

बाकीचे विकायला ठेवले. तालुक्याच्या गावात अशा चित्राला गिऱ्हाईक कोण, तर दवाखाने. पेशंट बाहेर बसून घाबरतात, त्यांना जरा थंड वाटावं. एका डॉक्टरांनी उत्साहानं मोठा फोटो मागवला. मग फोन केला, थोडा निळा करता येईल का? मग, एखादी होडी घाला. मग, होडीत दोन माणसं, पण हसरी. शेवटी भाच्यानं त्यांना कॅलेंडर नेऊन दिलं, डॉक्टर खूश.

भाचा असा खचला की मी त्याला मोठी माणसं ऐकवतो. जपानचा छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो 1980 पासून जगभरच्या समुद्रांचे फोटो काढतो आहे: काळे-पांढरे, बरोबर निम्मी हवा, निम्मं पाणी, मधे रेघ. नवापूर स्टेशनवरचं बाकडं त्यानं पाहिलं असतं तर तिथंच बसला असता. आणि आपले वासुदेव गायतोंडे. नागपूरला जन्म, मूळ गोव्याचे. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये समुद्रासमोर त्यांची खोली होती. फार बोलायचे नाहीत, वर्षाला मोजकी चित्रं करायचे, आणि चित्रात वरवर पाहता काही नाही. त्यांचं 1961 चं एक चित्र 2021 मध्ये लिलावात जवळजवळ चाळीस कोटींना गेलं. हा आकडा मी जेवताना सांगितला. मामीनं वाढता वाढता हात थांबवला, आतल्या खोलीत गेली आणि टेबलाखाली गुंडाळून ठेवलेला, आत्यानं पाहिलेला तो राखाडी फोटो काढून कपाटात, दागिन्यांच्या खणात ठेवला.

कापडावर छापून घेतला तर फोटो आणखीनच रंगवल्यासारखा वाटतो, म्हणून भाचा परवा सुरतेला कापड छापणाऱ्यांकडे गेला. सुरत म्हटल्यावर छपाईला तोटा नाही. मीही गेलो होतो, मामीचं एक काम होतं. तिथं यंत्रातून समुद्र सरसर बाहेर येत होता, इतक्यात साड्यांचे एक व्यापारी माल बघायला आले ते थबकले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी समुद्राला चिमटीत धरून पाहिलं.

“क्या शेड है! किसका डिझाइन?”

भाचा म्हणाला, डिझाइन नाही, अरबी समुद्र आहे.

“हां हां, अरबी तो अरबी. नाव चांगलं हाय.” ते मराठीवर आले. “बघा भाऊ, हे वरचं आभाळ आपण अंगात घेऊ. ही लाइन हाय ना, ती काठाला. पण पदर एकदम खाली हाय. पदरात काय तरी पायजे.”

“समुद्रात काही नाहीये, तेच तर…”

“अरे भाऊ, मोर टाकू. एक मोर. आनि हा एकच रंग चालणार नाय, आठ मॅचिंग लागतात. राणी, पोपटी, रामा, चटणी, बाकी तुमी सांगा. समुद्र तोच ठेवू, त्याला हात नाय लावणार.”

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी मामीला फोन लावला. तिला सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की चटणी रंगात समुद्र आहे, तर ब्लाउजपीस लागून आहे का.